सात नंबरचं नाक

आमच्या सरांच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नसे, नाव तर मुळीच नाही. नाक मात्र राहत असे. कॉलेजच्या जिन्यात एखादा जुना विद्यार्थी नमस्काराला वाकला की सर त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघायचे, मग मान वाकडी करून त्याचं नाक बाजूनं न्याहाळायचे आणि एकदम खूश होऊन म्हणायचे, "अरे, तू व्हय? कागलचा की तू."

नावांची भानगड त्यांनी कायमची मिटवून टाकली होती. वर्गातल्या प्रत्येकाला ते गावाच्या नावानं हाक मारत. मी हुपरीची, म्हणून मी 'हुपरी'. माझ्या शेजारी 'गडहिंग्लज' बसायची आणि मागच्या बाकावर दोन 'इचलकरंजी' होत्या, धाकटी आणि थोरली. शाहूवाडीकडून आलेल्या एकाला तेवढे ते 'पावणं' म्हणत. कारण सर स्वतः शाहूवाडीचे, आणि आपल्याच गावाला हाक मारली तर ओ कुणी द्यायची, असा त्यांचा प्रश्न होता.

ते आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. नव्वद सालानंतरची ती वर्षं. कोल्हापुरात हा विषय घेणाऱ्यांना लोक विचारायचे, "म्हणजे पुढं करणार काय?" अभ्यासक्रमात विषमज्वर होता, पटकी होती, क्षय होता. सर ते सगळं नेमून दिल्याप्रमाणे शिकवायचे, परीक्षेपुरतं. त्यांचा जीव अडकला होता तो निरोगी माणसाच्या नाकात.

"आजारी माणसात जंतू सापडला, त्यात काय नवल?" ते म्हणायचे. "चोर तुरुंगात सापडला तर कौतुक कुणाचं करायचं? धडधाकट माणसाच्या नाकात कोण कोण राहतंय, आणि तरी तो धडधाकट कसा, ते सांगा मला. ते कुणी सांगत न्हाय."

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक म्हणजे स्वतःच्या नाकात निर्जंतुक कापसाची काडी फिरवायची आणि ती आगराच्या प्लेटवर ओढायची. आगर म्हणजे जंतूंना खायला घालायची जेलीसारखी वडी. मला त्या दिवशी घरी पळून जावंसं वाटलं होतं. आमच्या घरी पैंजणांचं काम. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत पॉलिश. हुपरीत नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही, पण इथे शहरातल्या पोरींसमोर ती काडी काळी निघाली तर? मी सर्दीचं निमित्त सांगितलं. सर म्हणाले, "मग तर आधी तुझाच नंबर." काडी खरंच करड्या रंगाची निघाली. सरांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "चांदी?" मी मान हलवली. "भारी," एवढंच म्हणून त्यांनी ती प्लेटवर ओढली.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढरे ठिपके उगवले होते, मधूनच दोन-चार पिवळसर, आणि दवासारखे बारीक काही. मला वाटलं, आपल्याला काहीतरी झालंय.

"सर, मी आजारी आहे का?"

"आजारी? अगं, ही हायत म्हणून तू धड हायस. हुपरीच्या एष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात का न्हाय? तशी जागा धरून बसल्यात ही. नको तो आत शिरला तर त्याला बसायला बाक मिळत न्हाय. उभ्यानं कंटाळतो आणि उतरतो."

मी ती प्लेट बराच वेळ बघत बसले. आपल्या आत इतकं कुणीतरी आपलं काही न बिघडवता राहतंय, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली आणि कुठेतरी बरंही वाटलं.

सरांच्या सवयी सांगायच्या तर संपणार नाहीत. शिकवता शिकवता ते फळ्याच्या कोपऱ्यात रेघा मारायचे. चार उभ्या, पाचवी आडवी. आम्हाला वाटायचं, मुद्दे मोजतायत. तास संपताना ते सांगायचे, "आज तुम्ही सगळ्यांनी मिळून नाकाला हात लावला एवढ्या वेळा." वर्ग खो खो हसायचा आणि हसता हसता निम्मे जण नाक चोळायचे. सर शांतपणे आणखी रेघा मारायचे. "माणसाला सगळं ठाऊक असतं," ते म्हणायचे, "आपला हात कुठं गेलता तेवढं ठाऊक नसतं."

शिक्षकांच्या खोलीत कुणी शिंकलं आणि खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, की सर पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय सोडत नसत. साध्या सर्दीला जंतुनाशक गोळ्या घेणाऱ्यावर त्यांचा राग होता. "बांधावर एक तण दिसलं म्हणून उभं भात पेटवणार का तुम्ही?" असं विचारून ते पाकीट परत त्याच्याच खिशात कोंबायचे.

एकदा ते आम्हा सहा जणांना घेऊन एका तालमीत गेले. रोज एकमेकांच्या अंगाला अंग घासणाऱ्या, एकाच लाल मातीत लोळणाऱ्या पैलवानांची नाकं आतून सारखी होत जातात का, हे त्यांना बघायचं होतं. वस्तादांनी परवानगी दिली. पोरं रांगेत उभी राहिली. पण सगळ्यात थोराड होता तो पैलवान काडी बघून मागे सरकला.

"ते नाकात घालायचं न्हाय."

"एवढीशी काडी हाय, पैलवान."

"एवढीशी हाय म्हणूनच. मोठं काय असतं तर धरलं असतं."

शेवटी दोघांनी त्याचे दंड धरले, एकानं डोकं धरलं आणि सरांनी काडी फिरवली. त्यानंतर तो असा शिंकला की हौद्याच्या कडेला बसलेली दोन कबुतरं उडाली. सर रुमालानं चेहरा पुसत म्हणाले, "झालं. माझ्यात बी आला आता पैलवान." परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हाला मिसळ खायला घातली आणि झणझणीत कटानं आमची नाकं वाहायला लागल्यावर समाधानानं बघत बसले. पैलवानांच्या प्लेटांचं काय निघालं, ते मात्र नीट काहीच सांगता आलं नाही. काही सारख्या दिसत होत्या, काही नव्हत्या. सर त्यावरही खूश होते. "सोपं निघालं असतं तर आपल्याआधी कुणीतरी केलं असतं की," ते म्हणाले.

पण सर म्हटले की मला आधी आठवते ती आमच्या गॅदरिंगची बासुंदी.

मी तिसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आमच्या मेसच्या मावशी उचगावच्या. नवरा लवकर गेलेला, दोन मुली शाळेत. पहाटेच्या पहिल्या बसनं यायच्या आणि शंभर पोरींचा स्वयंपाक काढायच्या. बौद्ध कुटुंबातल्या. त्यांना कामावर घेताना वसतिगृहाच्या रेक्टरांनी कुरकुर केली होती, असं आम्ही ऐकून होतो. त्यांच्या हातची आमटी एकदा खाल्ली की कुरकुर करणाराही दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा, हे मात्र आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं.

त्या वर्षी बक्षीस समारंभ आणि जेवण एकाच दिवशी होतं. पाहुणे दहाला येणार, भाषण, बक्षिसं आणि बाराला पंगत. मावशींनी पहाटेपासून दूध आटवून सकाळी आठला बासुंदी उतरवली. आम्ही चौघी मदतीला होतो. माझ्याकडे केशर आणि चारोळी. जरा कोमट झाल्यावर मी केशराच्या काड्या बोटांनी चुरून पातेल्यात सोडल्या आणि मावशींनी ओगराळ्यानं ढवळलं. पातेलं मांडवात नेऊन पंगतीच्या टेबलावर सजवून ठेवलं. रेक्टरांना ते दिसायला हवं होतं.

पाहुणे दहाला आले नाहीत. अकराला निरोप आला की निघालेत. बाराला निरोप आला की निघतायत. मांडवावर उन्हाळ्याचं ऊन. मावशी रेक्टरांकडे जाऊन आल्या, परत येऊन पातेल्याजवळ उभ्या राहिल्या, पुन्हा गेल्या. पाहुणे अडीचला आले, भाषण अर्धा तास चाललं आणि तीनला पंगत बसली. बासुंदीच्या बहुतेकांनी दोन-दोन वाट्या खाल्ल्या.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पहिली उलटी झाली. मग रांगच लागली. चाळीसेक पोरंपोरी. डॉक्टर आले, मीठ-साखरेचं पाणी सुरू झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे उठून बसले. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली आणि मावशींना कामावर येऊ नका असं सांगितलं. व्हरांड्यात रेक्टर कुणालातरी म्हणत होते, "मी तेव्हाच म्हणालो होतो. स्वयंपाकघरात घेताना माणूस बघून घ्यावा." ते कशाबद्दल बोलत होते हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं, आणि कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी आमच्या प्रयोगशाळेत आल्या. हातात स्टीलचा डबा. पातेल्याच्या तळाची उरलेली बासुंदी त्यांनी टाकून न देता त्यात झाकून आणली होती.

"सर, ह्यात काय हाय बघा," त्या म्हणाल्या. "माझं काय निघालं तर मी जाते. कुणी सांगायला नको."

सरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "मावशी, ह्यात काय हाय ते बघतो. जायचं-यायचं नंतर बघू. बसा, चहा घ्या."

मग सरांनी समितीला कळवलं की स्वयंपाकघरात त्या दिवशी ज्याचा ज्याचा पाय पडला आणि समितीत जे जे बसलेत, त्या सगळ्यांच्या नाकाचा नमुना घेणार. मावशी, त्यांच्या हाताखालच्या दोघी, आम्ही चौघी, रेक्टर, प्राचार्य आणि सर स्वतः. प्लेटवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते फक्त सरांच्या खिशातल्या डायरीत.

प्राचार्य हसत तयार झाले. रेक्टर तयार नव्हते.

"माझा काय संबंध? मी बासुंदी खाल्लीसुद्धा नाही. मला शुगर आहे."

"नाक हाय न्हवं?" सर म्हणाले. "मग संबंध हाय."

प्लेटा बघण्याचं काम माझ्याकडे आलं. बासुंदीच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी सोनेरी ठिपक्यांचा नुसता खच पडला होता. पुस्तकात शिकलो होतो तोच जंतू. नाकात गुमान राहणारा, पण दुधातुपात पडला आणि ऊब मिळाली की वाढून विष सोडणारा. नाकांच्या दहापैकी तीन प्लेटांवर तो दिसला. तीन, पाच आणि सात नंबर. मग औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवून बघितलं, कुठला जंतू कुठल्या औषधापुढे मरतो. तीन आणि पाच नंबरचे वेगळे वागले. सात नंबरचा अगदी बासुंदीतल्यासारखा वागला. बासुंदीतला जे औषध पचवत होता तेच हाही पचवत होता, आणि तो ज्या औषधांपुढे मरत होता त्यांच्यापुढेच हाही मरत होता.

मी वहीत लिहिलं आणि सरांना दाखवलं. मनातून घाबरले होते. सात नंबर मावशी असल्या तर?

सरांनी खिशातून डायरी काढली, एक पान बघितलं आणि मिटून परत ठेवली. "हुपरी, बस," ते म्हणाले.

मी बसले.

"सात नंबर तू हायस."

मला आधी काही कळलंच नाही. मग केशर आठवलं. चुरणारी बोटं आठवली. फळ्याच्या कोपऱ्यातल्या रेघा आठवल्या. मी म्हटलं, "पहिल्या वर्षी माझ्यात नव्हता, सर."

"पहिल्या वर्षी नव्हता. आता हाय. पुढच्या वर्षी नसंल बी. येत्यात, जात्यात. तू काय त्याला बोलवायला गेलतीस?"

"म्हणजे माझ्यामुळे सगळ्यांना..."

"तुझ्यासारखं एक बासुंदीत दिसतंय. तेच हाय, असं ह्या सहा चकत्यांवरनं छातीवर हात ठेवून सांगता येणार न्हाय. पण न्हाय असं बी सांगता येणार न्हाय. खोटं कशाला बोलू तुझ्याशी." मग खुर्ची जवळ ओढून ते म्हणाले, "मावशींच्या नाकात तो सापडला न्हाय. पण तेवढं सांगून मी त्यांना सोडवणार न्हाय. उद्या दुसऱ्या कुणा बाईच्या नाकात सापडंल, मग तिला काय फासावर द्यायची? मी समितीत नंबर बोलीन. नाव बोलणार न्हाय. ही डायरी माझ्या खिशातनं बाहेर पडणार न्हाय. तू निवांत राहा."

मी निवांत राहिले नाही. त्या दिवशी जेवले नाही.

समिती दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बसली. प्राचार्य, रेक्टर, सर, आणि प्लेटांचा ट्रे धरायला मी. मावशींना बोलावलं होतं, त्या दाराशी उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "आधी मावशींना खुर्ची द्या. सगळ्यांची नाकं एका उंचीवर असू देत." शिपायानं खुर्ची आणली. मावशी काठावर बसल्या.

सरांनी दहा प्लेटा टेबलावर मांडल्या. "रेक्टरसाहेब म्हणत होते, माणूस बघून घ्यावा. बघितला. सगळ्यांचा आतनं बघितला. मावशींचा बी बघितला, तुमचा बी बघितला, माझा बी. जात कुठल्याच प्लेटवर उगवली न्हाय."

 रेक्टर प्लेटांकडे न बघता म्हणाले, "ते ठीक आहे. तो जंतू कुणाचा ते सांगा, म्हणजे विषय संपला."

"दहांत तिघांच्या नाकात हाय. त्यातला सात नंबर बासुंदीशी जुळतोय."

"मग सात नंबर कोण? मावशीच ना?"

"नंबर सांगितला. नाव न्हाय सांगणार."

"म्हणजे तुम्ही त्यांना वाचवताय."

मावशींनी मान खाली घातली होती. मी ट्रे टेबलावर ठेवला. म्हटलं, "सात नंबर मी आहे. केशर मी चुरलं होतं. हातानं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत कौतुक होतं की काळजी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "आणि तीन नंबर कोण? मी तर नाही?"

"साहेब, मी सांगणार न्हाय म्हटलं की न्हाय?"

"बरं. मग मीच आहे असं समजू," प्राचार्य म्हणाले आणि मला म्हणाले, "बस तू."

तेव्हा सरांनी कोरा कागद घेतला. "आता खरं बघायचं ते बघू. आठला बासुंदी उतरली, तेव्हा उकळती हुती. तिच्यात जिवंत काय नव्हतं. नऊला केशर पडलं. खायची ठरली हुती बाराला. बाराला खाल्ली असती तर बहुतेक काय झालं नसतं. खाल्ली तीनला. उन्हात, कोमट, गोड. ह्या पोरीच्या नाकात तो कधीपासनं हाय कुणास ठाऊक. तिथं त्यानं काय केलं? काय न्हाय. तिला साधी शिंक आली न्हाय. त्याला पातेल्यात सहा तास कुणी दिले, ते विचारा."

प्राचार्यांनी मावशींकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मावशी पहिल्यांदाच बोलल्या. "मी तीनदा इचारलेलं. परत गॅसवर ठेवू का म्हणून."

"कुणाला?"

मावशींनी नाव घेतलं नाही. रेक्टर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.  मग ते म्हणाले, "मला. मला विचारलं होतं. पाहुणे एवढ्यात येतील, पातेलं हलवू नका, असं मी सांगितलं."  "चूक माझी आहे."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही होतं, ते त्या वाक्यानं सगळं धुऊन निघालं असं नाही. पण ते बोलले, हेही खरं.

प्राचार्यांनी मावशींना दुसऱ्या दिवसापासून या म्हणून सांगितलं. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "येते. पण पातेलं कधी उतरायचं आणि कधी वाढायचं, ते मी ठरवणार. पावणा कुठलाबी असूदे."

"मान्य," प्राचार्य म्हणाले.

पुढच्या रविवारी मेसमध्ये पुन्हा बासुंदी झाली. मी ताट घेऊन रांगेत गेलेच नाही, खोलीत बसून राहिले. गडहिंग्लज मला बोलवायला आली. स्वयंपाकघरात मावशी पातेल्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी केशराची डबी माझ्यासमोर धरली. "जा, हात धुऊन ये. चांगला साबण लाव. आणि केशर तूच टाक."

मी हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. केशर चमच्यानं टाकलं. मावशींनी ढवळलं, लगेच पहिली वाटी भरून माझ्या हातात दिली आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. सर त्या दिवशी आमंत्रण नसताना आले होते. तीन वाट्या खाऊन गेले.

मी पास झाले, नोकरीला लागले, लग्न झालं. दहा-अकरा वर्षं गेली. मी कोल्हापुरातच एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. सर निवृत्त होऊन शाहूवाडीला शेतावर राहायला गेले होते. एक दिवस ते दारात उभे. नाक सुजलेलं, एका बाजूला वाकलेलं.

"सर, काय झालं?"

"म्हशीनं मुंडी हलवली."

चौकशी केल्यावर कळलं की निवृत्तीनंतर माणसांची नाकं मिळेनात, म्हणून सरांनी गोठ्यातली धरली होती. म्हशीला काडी आवडली नाही. नाकाचं हाड मोडलं, आतला पडदा वाकला, आणि आता आमच्याच दवाखान्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रिया ठरली होती. पण सरांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच आपल्या मनातली एक शंका सांगितली. नाकाच्या मागे, गालांच्या आणि कपाळाच्या हाडांत ज्या पोकळ्या असतात, त्या सायनस निरोगी माणसात अगदी निर्जंतुक असतात, असं पुस्तकात लिहिलेलं. सरांना ते कधीच पटलं नव्हतं.

"पुढच्या सोप्यात एवढी माणसं, मधे दार न्हाय, आणि आतल्या खोलीत कुणीच न्हाय? असं कुठं असतं? पण निरोगी माणसाच्या आत काडी घालू कोण देणार? आता माझं उघडणारच हायत. सायनस माझी धड हाय, डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलंय. तू डॉक्टरांशी बोल. दोन काड्या. एक पुढनं, एक आतनं."

मी बोलले. डॉक्टर आधी हसले, मग सरांनी त्यांना अर्धा तास समोर बसवून आतली काडी पुढच्या भागाला न शिवता कशी न्यायची ते शिकवलं, तेव्हा गंभीर झाले. दोन काड्या माझ्याकडे आल्या. मी त्या प्लेटांवर ओढल्या आणि त्यानंतरचे दोन दिवस तासातासाला इन्क्युबेटर उघडून बघत होते.

तिसऱ्या दिवशी सर वॉर्डमधून उठून खाली आले. नाकावर पट्टी, आवाज गेंगाणा. मी दोन्ही प्लेटा समोर ठेवल्या. पुढच्या काडीची प्लेट भरलेली होती. आतल्या काडीच्या प्लेटवर मोजून अकरा ठिपके होते. त्यातले काही पुढच्यासारखे आणि तीन अगदी वेगळे.

सरांनी आतल्या काडीची प्लेट हातात घेतली. प्लेट उजेडाला धरली, फिरवली, खाली ठेवली, परत उचलली. डोळे भरून आले होते, की नाक बंद असल्यामुळे पाणी येत होतं, माहीत नाही.

मला बोलावं की नाही कळत नव्हतं. शेवटी बोलले. "सर, काडी बाहेर येताना पुढच्या भागाला लागली असेल. त्या अकरांवरून आत कुणी राहतं असं म्हणता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पट्टीखालून हसले. "लागली असंल. बरोबर बोललीस. आणि जे आपल्या प्लेटवर उगवतच न्हाईत, ते किती असतील?"

"तेही असतील."

"मग आपल्याला ठाऊक काय हाय?"

"फारसं काही नाही, सर."

"झकास," ते म्हणाले आणि खुर्चीत टेकून बसले. मग दुपारभर तिथून हलले नाहीत. रक्त तपासायला आलेल्या प्रत्येकाला बोलावून प्लेट दाखवत होते. कुणी एक आजोबा खूप वेळ बघून म्हणाले, "हे तुमच्या नाकातलं?" सर म्हणाले, "आतल्या खोलीतलं." आजोबांनी आपलं नाक चाचपून बघितलं.

चारच्या सुमाराला काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, जेवणाचा डबा हातात घेऊन शोधत शोधत खाली आल्या. वॉर्डमध्ये पलंग रिकामा, नर्स ओरडतेय, आणि हे इथे. त्या चांगल्याच चिडल्या होत्या. सरांनी प्लेट त्यांच्यापुढे धरली. काकूंनी चष्मा वर सरकवून ते अकरा ठिपके नीट बघितले.

"हे तुमच्यात राहत्यात?"

"व्हय. असं दिसतंय."

"कधीपासनं?"

"कुणास ठाऊक. तुझ्या आधीपासनं असतील."

काकूंनी प्लेट अलगद माझ्या हातात दिली, डब्याचं झाकण उघडलं आणि सरांना म्हणाल्या, "मग जेवा आता. त्यांची बी जेवायची वेळ टळली की."